आपलं म्हणजे कोणाचं?

मला जपानमध्ये नोकरी मिळाली ती मोडी लिपीमुळे, हे सांगितलं तर लोकांना मी थट्टा करतेय असं वाटतं. पुण्यात शिकत असताना हौसेनं मोडी शिकले होते. एकदा वतनाच्या जुन्या कागदांवरची ती पळती अक्षरं वाचायची सवय झाली की मग जगातल्या कुठल्याही कारकुनाचं गिचमिड हस्ताक्षर तुम्हाला घाबरवू शकत नाही. पुढे स्पॅनिश शिकले, जपानी शिकले, मेक्सिकोतल्या जुन्या अर्ज-फिर्यादींवर पीएच.डी. केली, आणि त्याच सुमाराला ओसाकातल्या एका प्राध्यापक बाईंना असे कागद मोठ्यानं वाचून दाखवणारं माणूस हवं होतं. बाईंचे डोळे जात चालले होते. कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. समोरच्या माणसाचे कान त्यांना दिसत, चेहरा दिसत नसे.

जपानमधल्या मोठ्या भूकंपाला आणि अणुभट्टीच्या अपघाताला सहा महिने झाले होते. माझ्या आधी त्या जागेवर असलेली संशोधक मायदेशी निघून गेली होती आणि परत यायला तयार नव्हती. बाबा फोनवर म्हणाले, "लोक तिकडून पळतायत आणि तू बोजाबिस्तारा घेऊन निघालीस?" मी म्हटलं, ओसाका तिथून पुष्कळ लांब आहे. बाबांनी घरातला नकाशा काढून बोटं टेकवून बघितलं आणि म्हणाले, "वीतभरसुद्धा नाही." तरी मी गेले. मी हट्टी आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

बाईंना सगळे 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणत. मी तोंडावर तेच म्हणायची, पण मनातल्या मनात त्या माझ्या बाईच होत्या, शाळेतल्या बाई असतात तशा. सत्तरी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. निवृत्त झाल्या होत्या, पण विद्यापीठानं त्यांना एक छोटी खोली ठेवू दिली होती. रोज सकाळी दहाला मी तिथे जाऊन बसायची आणि वाचायला लागायची. मध्ये त्या हात वर करत, मी थांबायची, त्या जपानीत भाषांतर सांगत, मी टाइप करायची. हे त्यांचं शेवटचं पुस्तक होतं. तसं त्या कधी बोलल्या नाहीत, पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आल्या की त्या दिवशी आम्ही दुप्पट पानं करत असू, त्यावरून मला कळायचं.

पुस्तकाचा विषय असा: स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकला, मग तिथले मूळचे सरदार, गावोगावचे राजे आणि त्यांची मुलंबाळं पुढे कशी जगली? सगळे काही मारले गेले नाहीत. पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला, स्पॅनिश नावं घेतली, पोरांना पाद्र्यांच्या शाळेत घातलं. मग स्पॅनिश राजाला अर्ज करायला लागले. आम्हाला नावाआधी 'डॉन' लावू द्या, तलवार बाळगू द्या, खोगीर घालून घोड्यावर बसू द्या, आमच्याकडून रयतेसारखा कर घेऊ नका. मला हे वाचताना मुळीच परकं वाटत नसे. आमच्याकडे निजामशाही गेली, आदिलशाही गेली, पेशवाई गेली, साहेब आला. गावचा पाटील मात्र तोच. फक्त पागोटं कोणासमोर काढायचं ते बदललं.

पुस्तकातला सगळ्यात मोठा भाग एका सरदाराच्या अर्जावर होता. बाईंनी त्या एका माणसावर वीस वर्षं घालवली होती. त्याचा बाप गावचा शेवटचा राजा. बापाच्या घराची जागा एका स्पॅनिश माणसानं बळकावली, म्हणून पोरानं अर्ज केला होता. अर्ज स्पॅनिशमध्ये होता. तो त्याच्या भाषेत बोलला असणार आणि दुभाष्यानं ते उतरवलं असणार. आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत त्यानं स्पॅनिश राजाला लिहिलं होतं, 'हे घर तुमचं आहे. माझ्या वडिलांनी ते तुमच्यासाठी राखलं, एवढंच.'

या एका ओळीवरून बाई त्याच्यावर उखडलेल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं की जे मागायला आला तेच पहिल्या ओळीत देऊन बसलेला हा माणूस, शरण जाण्याची कला किती हीन होऊ शकते याचा नमुना आहे. इतक्या मऊ बोलणाऱ्या बाई, आणि चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाबद्दल असा शब्द! मला ते वाक्य टाइप करतानाही खटकलं होतं. पण का खटकलं ते मला सांगता येत नव्हतं. मार्चअखेर सगळी पानं छपाईला जायची होती.

त्याच मार्चमध्ये बाबा तीन आठवड्यांसाठी आले. आई गेल्यापासून ते पुण्यात एकटेच राहत होते, आणि एकटेपणाबद्दल चकार शब्द न काढता फक्त भाज्यांच्या भावाबद्दल बोलत होते. माझं घर म्हणजे दीड खोली. त्यात त्यांनी दोन दिवसांत संसार थाटला. कोणता कचरा कोणत्या वारी टाकायचा ते त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलं, तरी पहिल्याच आठवड्यात आमची पिशवी चुकीच्या वारी ठेवली म्हणून कचरेवाल्यांनी तिच्यावर चिठ्ठी चिकटवून ती जागच्या जागी सोडली, आणि बाबांना ते फार लागलं. सकाळी कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, दूध आणायला जात. तिथला दुकानदार येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून 'या, या' म्हणतो. त्याला कोणी उत्तर देत नसतं, द्यायचंही नसतं. बाबा रोज थांबून, हात जोडून, "नमस्कार, नमस्कार" म्हणत. तिसऱ्या दिवसापासून दुकानदारही काउंटरमागे हात जोडायला लागला.

बाबा म्हणाले, "तुझ्या बाईंना जेवायला बोलाव. ज्यांच्या जिवावर तू इथे राहतेस त्यांना मी भेटलोसुद्धा नाही, हे बरं दिसत नाही." मी बोलावलं. बाई सहसा कोणाकडे जात नसत, पण आल्या. मी स्टेशनवरून त्यांना हाताला धरून आणलं. दार उघडलं तर बाबा इस्त्रीचा सदरा घालून उभे. म्हणाले, "या, या! आपलंच घर आहे!"

आणि मी, तीन भाषा शिकलेली विदुषी, ते शब्दाला शब्द जपानीत सांगून मोकळी झाले: "हे घर तुमचं आहे, असं म्हणतायत."

बाई दारातच थबकल्या. एक बूट काढलेला, एक पायात. जपानीत असं कोणी म्हणत नाही. मग त्यांनी पिशवीतून गोड पदार्थांचा सुंदर बांधलेला डबा काढला, दोन्ही हातांनी पुढे केला आणि म्हणाल्या की ही अगदीच टाकाऊ वस्तू आहे. तिकडे भेट देताना तसंच म्हणतात. बाबांनी विचारलं, "काय म्हणतायत?" मी सांगितलं. बाबा मराठीत म्हणाले, "मग आणली कशाला?" आणि डबा कपाळाला लावून घेतला.

"काही केलेलं नाही हं, आपलं साधंच," असं म्हणत बाबांनी वरण-भात, दोन भाज्या, कोशिंबीर, थालीपीठ आणि शिरा वाढला. बाई चमच्यानं हळूहळू, ताटाच्या कडेकडेनं जेवत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "तुझ्या वडिलांचं घराणं गावच्या प्रमुखाचं होतं, असं तू म्हणाली होतीस. इंग्रज आल्यावर त्यांचं काय झालं?"

बाबांना कोणीतरी हे विचारायचीच खोटी होती. ते मांडी सावरून बसले आणि त्यांच्या आजोबांच्या घोडीची गोष्ट सुरू झाली. मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेली. बाबांचे आजोबा गावचे पाटील. साहेब दौऱ्यावर आला, ओढ्याकाठी तंबू पडले. आजोबा घोडीवर बसून स्वागताला गेले. साहेब मुन्शीकडून मराठी शिकलेला, मोठ्या उमेदीनं बोलायचा. म्हणाला, "पाटील, घोडी फार सुरेख आहे." आजोबा म्हणाले, "आपलीच आहे, साहेब." साहेबानं आभार मानले. दुसऱ्या दिवशी उजाडता साहेबाचा मोतद्दार आला आणि घोडी घेऊन गेला.

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय? दिली," बाबा म्हणाले. "शब्द तोंडातून गेला होता. आजोबा पुढे जन्मभर पायी फिरले आणि सांगायचे, साहेबाला मराठी सगळं यायचं, फक्त 'आपलं' येत नव्हतं."

मी हसत हसत भाषांतर केलं, तर बाई हसल्या नाहीत. त्यांनी चमचा खाली ठेवला. "तो शब्द काय आहे?" मी सांगितलं, आपलं. म्हणजे आदरानं, तुमचं. पण त्याचाच अर्थ आपल्या दोघांचं. आणि 'मी आपलं काम करतो' म्हटलं तर, ज्याचं त्याचं स्वतःचं. बाई हळूच म्हणाल्या, "तिन्ही?" मी म्हटलं, तिन्ही. बाबांना आम्ही कशावर अडलोय ते कळलं असावं. ते शिऱ्याची वाटी पुढे सरकवत म्हणाले, "अगं, सोपं आहे. सांग त्यांना, ज्याचं असतं तोच म्हणतो, आपलंच आहे. ज्याचं नसतं तो कशाला म्हणेल? चोर कधी म्हणतो का?"

हे वाक्य मी जपानीत सांगितलं आणि सांगता सांगताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो सरदार! दुभाष्यानं त्याचं बोलणं स्पॅनिशमध्ये उतरवलं, पण बोलणं घरंदाज माणसाचं होतं. घर देऊन टाकलं नव्हतं त्यानं. दारात उभा राहून या, बसा म्हणत होता. पहिल्याच ओळीत त्यानं घर आपलं असल्याचं सांगितलं होतं, त्याला येत होतं त्या सगळ्यात चांगल्या रीतीनं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव पहिल्यापासून उतावळा, डोक्यात आलं की ओठांवर आलंच. बाईंना स्टेशनवर सोडायला गेले तर जिन्यापाशीच सुरू केलं. सेन्सेई, तुमचं वाक्य चुकलंय. तो शरण नव्हता गेला. ते पान बदलायला हवं. गाड्यांच्या आवाजात मी जवळजवळ ओरडूनच बोलत होते. बाई माझ्या कानाच्या दिशेला बघत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बेंक्यो नि नारिमाशिता," म्हणजे, मला शिकायला मिळालं. आणि नीट वाकून नमस्कार केला. मी उडतच घरी आले.

दुसऱ्या दिवशी बाईंचा निरोप आला: तब्येत बरी नाही, या आठवड्यात येऊ नकोस. पुढचा निरोपच नाही. छपाईची तारीख दहा दिवसांवर आली. मी बाबांना म्हटलं, "कसला हेका हा! तोंडानं म्हणाल्या, शिकायला मिळालं म्हणून. मी काय खोटं बोलले?"

बाबा मटार सोलत होते. म्हणाले, "खोटं नाही बोललीस. पण त्या तुला 'आपलीच घोडी' म्हणाल्या, आणि तू घेऊन आलीस."

मला रडायलाच आलं. इतक्या वर्षांत इतकं नेमकं मला कोणी बोललं नव्हतं. वीस वर्षांचं काम त्या माउलीनं माझ्यासमोर वाकून ठेवलं, आणि मी साहेबासारखी 'थँक्यू' म्हणून चालती झाले. मी म्हटलं, आता जाऊन माफी मागू का? बाबा म्हणाले, "माफी मागायला गेलीस की पुन्हा बोलायला लागशील. तुझं तोंड मला माहितेय. नेहमीच्या वेळी जा आणि वाचायला बस."

मी दहाला गेले. खोली उघडी होती. बाई आत बसलेल्या, दिवा न लावता. त्यांना तसाही त्याचा उपयोग होत नसे. मी काही न बोलता माझ्या जागी बसले, अर्जाचं पहिलं पान काढलं. वाचायला तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी हात वर केला.

"मी सहा वर्षांची असताना," त्या म्हणाल्या, "युद्ध संपलं होतं. आमचं घर इथून पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर होतं. मोठं होतं. अमेरिकन सैन्यानं ते एका अधिकाऱ्यासाठी ताब्यात घेतलं. आम्हाला मागची नोकरांची खोली दिली. अधिकारी आला त्या दिवशी वडील फाटकात उभे होते. आईनं तीन दिवस गुडघ्यांवर बसून लाकडी जमिनी पुसल्या होत्या, तिच्या बोटांची सालं निघाली होती. आणि वडील वाकून त्या माणसाला म्हणाले, घाणेरडी जागा आहे, पण कृपा करून आत या."

मी जपानमध्ये दीड वर्ष काढलं होतं. पाहुण्याला असंच म्हणतात हे मला माहीत होतं. आपण नाही का 'गरिबाची झोपडी' म्हणत?

"शब्द मला माहीत होतेच," बाई म्हणाल्या. "सगळेच म्हणायचे. पण त्या दिवशी मला ते खरे वाटले. आईनं पुसलेलं घर घाणेरडं आहे, असं माझे वडील एका परक्या अधिकाऱ्याला सांगतायत. त्या दिवसापासून मी त्यांच्या जेवणाच्या वेळेला जेवले नाही. पुढे शिष्यवृत्ती मिळाली, परदेशी गेले, ते वारले तेव्हाही मेक्सिकोतच होते, कागद वाचत होते." मग म्हणाल्या, "वीस वर्षं मी त्या सरदाराबद्दल जे लिहिलं ते त्याच्याबद्दल नव्हतंच. तुझ्या वडिलांना ते एका जेवणात कळलं, की ज्याचं असतं तोच म्हणतो."

मी त्यांचा हात धरला. जपानमध्ये असा कोणाचा हात धरत नाहीत, पण मी धरला, आणि त्यांनी सोडवून घेतला नाही.

त्यांनी प्रकाशकाला फोन लावायला सांगितला. मार्चअखेर पानं छपाईला येणार नाहीत, एक पूर्ण प्रकरण बदलायचं आहे, किती वेळ लागेल सांगता येत नाही. पलीकडचा माणूस बराच वेळ अतिशय नम्रपणे बोलत होता. फोन ठेवून बाई म्हणाल्या, "पुस्तक येईल तेव्हा मला कडेचंही दिसत नसेल. चालेल." मला अजिबात चालणार नव्हतं. मी म्हटलं, मी रोज सकाळी आठला येईन. त्या म्हणाल्या, आठला विद्यापीठ उघडत नाही.

आम्ही नऊला सुरू करायला लागलो. बाबा पुण्याला परत गेले. जाताना कोंबिनीतल्या दुकानदारानं त्यांना काउंटरबाहेर येऊन नमस्कार केला. ते प्रकरण आम्ही पावसाळा उलटेपर्यंत पुन्हा लिहिलं. त्या सरदाराला घर परत मिळालं की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही. अर्जावर निकालच लिहिलेला नाही. पण आता बाईंच्या पुस्तकात तो शरणागत नव्हता. तलवार मागणारा, डॉन म्हणवून घेणारा, नव्या राजाच्या कायद्यानं नव्या राजाशी भांडणारा, आणि भांडतानाही दारात उभा राहून आधी या म्हणणारा माणूस होता.

शेवटच्या दिवशी बाई म्हणाल्या, "ती पहिली ओळ वाच. स्पॅनिश नको. आपण केलंय ते."

मी वाचलं, "हे घर आपलंच आहे. माझ्या वडिलांनी ते आपल्यासाठी राखलं, एवढंच." जपानीत 'आपलं'ला शब्द नाही. आम्ही सहा शब्द करून बघितले होते आणि शेवटी मराठीच ठेवला होता, खाली टीप देऊन.

बाई टेबलाला धरून उठल्या. जपानी माणूस दुसऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडताना एक वाक्य म्हणतो. त्याचा अर्थ, तुम्हाला त्रास द्यायला आलेय. घराच्या धन्यालाच ते म्हणतात. घर ताब्यात घ्यायला आलेला माणूस ते म्हणत नाही. बाईंना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी पदर सावरावा तसा स्वेटर सारखा केला, सपाता काढून बाजूला जोडून ठेवल्या, आणि अनवाणी पायांनी, पश्चिमेच्या भिंतीकडे, वडिलांच्या घराच्या दिशेला तोंड करून, कमरेत पूर्ण वाकून म्हणाल्या, "ओजामा शिमासु, ओतोसान."

ओतोसान म्हणजे बाबा.